काउंटी कमिशनरपदाच्या मराठी उमेदवार : मत देण्याआधी त्यांना काय विचारावे?

ओसरी

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, जूनमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक, आहे आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने काउंटी कमिशनरपदासाठी एक मराठी बाई उभ्या आहेत. हा धागा प्रचाराचा नसल्यामुळे त्यांचे आणि काउंटीचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ते लिहू नये, ही विनंती.

गेल्या शनिवारी आमच्या वसाहतीतल्या एका घरी त्यांना भेटायला पंचवीसेक मंडळी जमली होती. चहा-पोहे झाल्यावर प्रश्न सुरू झाले. ग्रीन कार्डाची रांग कधी कमी होणार, दिवाळीला शाळांना सुट्टी मिळणार का, वसाहतीमागे होऊ घातलेले गोदाम थांबवता येईल का आणि काउंटीच्या उद्यानात क्रिकेटची खेळपट्टी होईल का, असे चार प्रश्न आले. पहिला विषय वॉशिंग्टनचा, दुसरा शाळा मंडळाचा आणि तिसरा मुख्यतः टाउनशिपचा, म्हणजे गावच्या स्थानिक कारभाराचा. खेळपट्टीचा प्रश्न तेवढा त्या लढवत असलेल्या पदाच्या कक्षेत येत होता, आणि तो एका बारा वर्षांच्या मुलाने विचारला होता.

बाईंनी चारही प्रश्नांना शांतपणे उत्तरे दिली, परंतु घरी परतताना मला स्वतःचीच लाज वाटली. वीस वर्षे इथे राहून, दर तीन महिन्यांनी मालमत्ता कर भरून, काउंटीचे मंडळ नेमके काय करते हे मला सांगता येत नव्हते. जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे. या पदाचे काम काय, आणि उमेदवार मराठी असणे हे मत देण्याचे कारण असावे का? यंदा दोन जागा आहेत, म्हणजे मला दोन मते आहेत.

पिंपळपार

पहिला घोळ शब्दाचा आहे. महाराष्ट्रात आयुक्त म्हटले की महापालिका आयुक्त किंवा विभागीय आयुक्त, म्हणजे सरकारने नेमलेला आणि बदली होणारा सनदी अधिकारी डोळ्यांसमोर येतो. न्यू जर्सीतला काउंटी कमिशनर हा लोकांनी तीन वर्षांसाठी निवडून दिलेला सदस्य असतो. आपल्याकडचा त्याला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे जिल्हा परिषद सदस्य. अर्थात ही तुलनाही अर्ध्या वाटेपर्यंतच चालते. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात ज्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यांच्याकडे प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, पैसा मात्र मोठ्या प्रमाणात राज्याकडूनच येत राहिला. इथे उलट आहे. शाळा वेगळ्या मंडळाकडे असतात, तर काउंटी स्वतः कर बसवते आणि स्वतः खर्च करते.

जिल्हा परिषदेत पन्नास ते पंच्याहत्तर सदस्य बसतात, तर इथल्या मंडळात काउंटीच्या आकारानुसार तीन ते नऊ. २०२० च्या जनगणनेत मिडलसेक्स काउंटीची लोकसंख्या ८ लाख ६३ हजार होती आणि तिचा कारभार सात जण पाहतात. सॉमरसेटमध्ये पाच आहेत. हे सगळे संपूर्ण काउंटीतून निवडले जातात, त्यामुळे ‘आमच्या गटाचा सदस्य’ अशी कोणी व्यक्ती तिथे नसते. जर्सी सिटी ज्या हडसन काउंटीत आहे, तिथे मात्र नऊ सदस्य नऊ विभागांतून येतात. अॅटलांटिक, बर्गन, एसेक्स, हडसन आणि मर्सर या पाच काउंट्यांत निवडून आलेला कार्यकारी प्रमुखही असतो. इतरत्र मंडळाने नेमलेला प्रशासक रोजचा गाडा हाकतो.

जिल्हाधिकाऱ्यासारखे पद इथे मुळीच नाही. शेरीफ स्वतंत्रपणे निवडून येतो, काउंटी क्लार्कही तसाच. सरकारी वकिलाला राज्याचा गव्हर्नर नेमतो. त्यांच्या कार्यालयांचे पैसे मात्र या मंडळाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून जातात.

शिळोप्याची

‘कमिशनर’ हे नावही न्यू जर्सीत नवेच आहे. २०२० संपेपर्यंत या सदस्यांना ‘चोझन फ्रीहोल्डर’ म्हणत असत. वसाहतकाळात ज्याच्या मालकीची कर्जमुक्त जमीन असेल त्यालाच हे पद मिळे, त्यावरून ते नाव पडले आणि अडीचशे वर्षे टिकले. ऑगस्ट २०२० मध्ये कायदा होऊन १ जानेवारी २०२१ पासून ते बदलले. विशेष असे की याच राज्याच्या १७७६ च्या घटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या स्त्रियांना आणि मुक्त कृष्णवर्णीयांना मतदान करू दिले होते. १८०७ मध्ये कायदा करून तो हक्क काढून घेतला गेला. आपल्या बाई ज्या पाटीखाली बसू इच्छितात ती पाटी एवढ्या अलीकडची आहे.

ताळेबंद

ओसरी यांनी मालमत्ता कराचे बिल समोर घ्यावे. त्यावर शाळा, टाउनशिप आणि काउंटी अशा वेगवेगळ्या ओळी असतात, आणि काउंटीने मोकळ्या जागांसाठी मतदारांच्या संमतीने वेगळा कर लावला असेल तर त्याचीही ओळ दिसते. राज्याची सरासरी पाहिली तर निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडे जाते आणि काउंटीच्या वाट्याला पाचव्या हिश्श्याहून कमी येते. या लहान ओळीकडे लोक बघत नाहीत, म्हणूनच तिथे काय चालते हेही कोणी विचारत नाही.

या ओळीची एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. काउंटीला एकूण किती कर हवा ते मंडळ ठरवते, परंतु त्यातला कोणत्या टाउनशिपचा वाटा किती हे तिथल्या मालमत्तांच्या समतुल्य बाजारमूल्यावरून ठरते. शेजारच्या गावांपेक्षा आपल्या गावातली घरे वेगाने महागली, तर काउंटीने खर्च एका डॉलरनेही वाढवला नाही तरी आपला वाटा वाढतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दरवर्षी यासाठी कमिशनरांना शिव्या घालतात. शिव्या घालायला हरकत नाही, पण त्या ज्या कारणासाठी घालायच्या ते कारण वेगळे आहे.

ते असे. २०१० च्या कायद्याने वार्षिक करवाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि ती काउंट्यांनाही लागू आहे. कर्जाची परतफेड, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविम्यातली वाढ अशा काही खर्चांना त्या मर्यादेतून सूट मिळते. त्यामुळे ‘आम्ही मर्यादा पाळली’ हे विधान खरे असूनही बिल दोन टक्क्यांहून जास्त वाढू शकते. उमेदवाराला माझा पहिला प्रश्न असा राहील की गेल्या पाच वर्षांत काउंटीने कर्जरोखे काढून नेमके काय बांधले, आणि त्याची परतफेड कोणत्या वर्षी सर्वांत जड होणार आहे. हे आकडे त्यांनी पाठ केलेले असावेत अशी अपेक्षा नाही, परंतु अंदाजपत्रक त्यांनी वाचले आहे की नाही हे दोन मिनिटांत कळेल.

खडीडांबर

मी रस्त्यांच्या कामातला माणूस असल्याने तेवढ्यापुरते लिहितो. निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा क्रमांक दिसला तर तो काउंटी मार्ग समजावा. पाचशेच्या घरातले क्रमांक बहुधा एकाहून अधिक काउंट्यांतून जाणाऱ्या मार्गांना असतात, आणि सहाशेपासूनचे सहसा काउंटीच्या आतल्या मार्गांना. एडिसन आणि पिस्कॅटवेतली मंडळी ज्या प्लेनफिल्ड अॅव्हेन्यू आणि स्टेल्टन रोडवरून रोज जातात, तो ५२९ क्रमांकाचा मार्ग आहे. अशा रस्त्यावरचा खड्डा, सिग्नलची वेळ किंवा डावीकडे वळण्याची वेगळी मार्गिका, यांसाठी टाउनशिपला कितीही पत्रे लिहिली तरी उत्तर काउंटीकडे बोट दाखवूनच येते.

पुलांचे आणखी वेगळे आहे. अनेक ठिकाणी रस्ता टाउनशिपचा असतो आणि त्यावरचा पूल काउंटीचा. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने मॅनव्हिल आणि बाउंड ब्रूकमध्ये जे झाले, ते इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. त्यानंतर पुलाखालची मोरी किती रुंद हवी हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा उरलेला नाही. गोदामाच्या बाबतीत ओसरी यांनी ‘मुख्यतः टाउनशिपचा’ असे लिहिले ते योग्यच आहे. जमिनीच्या वापराची परवानगी टाउनशिप देते. परंतु प्रकल्पाचा परिणाम काउंटीच्या रस्त्यावर किंवा पाण्याच्या निचऱ्यावर होत असेल, तर काउंटीचे नियोजन मंडळ तेवढ्या बाबतीत आराखडा तपासते आणि अटी घालू शकते. ट्रक कोणत्या फाटकातून बाहेर पडतील यावर वसाहतीची झोप अवलंबून असते, म्हणून हा अधिकार मी लहान मानत नाही.

रानजाई

आपण सगळे फार तांत्रिक बोलत आहोत. ओसरी यांच्या दुसऱ्या प्रश्नावर मी स्पष्टच लिहिते. होय, मराठी असणे हे मत देण्याचे एक कारण असावे. ज्या मंडळाच्या बैठकीत ज्येष्ठांच्या भोजन केंद्रांचे पैसे मंजूर होतात, तिथे शाकाहारी आजी-आजोबांना काय खायला मिळते हा प्रश्न ज्याच्या घरी पडलेला आहे अशी व्यक्ती असली तर तो प्रश्न मांडला जातो. माझ्या सासूबाई एका केंद्रात दोन महिने गेल्या, पाव आणि उकडलेल्या भाज्या खाल्ल्या आणि नंतर घरीच बसल्या. याची तक्रार करायची जागा असते हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हते. आपला माणूस तिथे असणे म्हणजे ओळखीने कामे करून घेणे, असा अर्थ काढू नये.

ताळेबंद

रानजाई यांचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र त्यात थोडी भर घालतो. भोजन केंद्राचा प्रश्न बाईंना मराठी म्हणून ठाऊक असेल, पण तो सोडवायला सातपैकी चार मते लागतात. म्हणून त्यांना असे विचारावे की त्या टाउनशिपच्या एखाद्या समितीवर असल्या असतील, तर तिथे अल्पमतात कधी पडल्या, आणि तेव्हा त्यांनी काय केले. इतिवृत्तात हे सापडते. मी तरी भाषणापेक्षा इतिवृत्तावर अधिक विश्वास ठेवतो.

पिंपळपार

कोणीतरी प्रायमरीबद्दल लिहील म्हणून वाट पाहिली. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत नोव्हेंबरची निवडणूक कोणता पक्ष जिंकणार हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे खरा सामना जूनमध्ये होतो, आणि जूनचा सामना कित्येक दशके मतपत्रिकेच्या मांडणीनेच ठरत असे.

ज्यांनी गावाकडे साखर कारखान्याची किंवा सोसायटीची निवडणूक पाहिली आहे त्यांना हे एका शब्दात कळेल : पॅनेल. राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाच्या काउंटी संघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, वर सिनेटपासून खाली गावच्या कौन्सिलपर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रांगेत छापले जात. त्या रांगेला ‘लाइन’ म्हणत. ज्याला पाठिंबा नाही त्याचे नाव दूरच्या कोपऱ्यात जाई, आणि त्या कोपऱ्याला इथले लोक ‘मतपत्रिकेचा सैबेरिया’ म्हणत. आपल्याकडे पॅनेलला निदान कपबशी किंवा छत्री असे चिन्ह घेऊन दारोदार फिरावे लागते. इथे सरकारी छपाईनेच पॅनेलचा प्रचार होत असे. कमिशनरपदाला याचा फटका सर्वाधिक बसे, कारण गव्हर्नरच्या उमेदवाराचे नाव लोकांना माहीत असते, काउंटी कमिशनरचे नसते. मतदार वरच्या ओळखीच्या नावापासून बोट सरळ खाली आणीत असे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाचे काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी सिनेटच्या उमेदवारीच्या निमित्ताने याविरुद्ध दावा लावला. २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये राज्याने कायदा करून ती दोन्ही पक्षांसाठी संपवली. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन असतो आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्याच चौकोनात असतात. कोणत्याही पॅनेलच्या आधाराविना एखाद्या मराठी बाई कमिशनरपदासाठी उभ्या राहू शकतात आणि आपण त्यांची चर्चा करीत बसतो, ते या बदलामुळे. पूर्वी त्यांनी अर्ज भरला असता, पण आपल्याला त्यांचे नाव मतपत्रिकेवर शोधावे लागले असते.

तरीही पॅनेल मेले असे समजू नये. पाठिंबा देणारी समिती, तिची पत्रके आणि तिचे पैसे शाबूत आहेत. ती समिती कोणाची असते? प्रत्येक मतदान केंद्राच्या हद्दीतून पक्षाच्या प्रायमरीतच समिती-सदस्य निवडले जातात. त्या निवडणुकीला अनेकदा कोणी उभेच राहत नाही. आपल्यातले कित्येक जण महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीसाठी भांडतात आणि ही जागा मात्र रिकामी पडून असते, हे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

ओसरी

बाईंना पक्षाच्या काउंटी समितीचा पाठिंबा मिळालेला नाही, तो दुसऱ्या दोघांना आहे. त्या दोघांपैकी एक विद्यमान कमिशनर आहेत. हे मी आधी लिहायला हवे होते.

परवानाधारक

मी एच-१बी वर आहे, घर घेतले आहे आणि काउंटीचा कर भरतो, मत मात्र नाही. मला बाईंना शंभर डॉलर द्यायचे होते.

ताळेबंद

देऊ नयेत. ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही त्यांना अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत, अगदी काउंटीच्याही, देणगी देता येत नाही. हा संघराज्याचा कायदा आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने देणे हा आणखी वेगळा गुन्हा ठरतो. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो, मतदान करू शकत नाही. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा कागद पुढे आला तर नागरिक नसलेल्याने त्यावर चुकूनही सही करू नये. त्याचे परिणाम देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत जातात. विनामोबदला पत्रके वाटणे किंवा फोन करणे चालते. कमिशनरांच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी राखलेल्या वेळेत उभे राहून आपल्या रस्त्याबद्दल बोलायलाही नागरिकत्व लागत नाही.

ज्यांना मत आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगतो. कोणत्याही पक्षाकडे नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. एका पक्षाकडे नोंद असेल आणि दुसऱ्याच्या प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर ५५ दिवस आधी बदल करावा लागतो.

शिळोप्याची

गणपतीत आमच्या मंडळाच्या मंचावर एका उमेदवाराचा सत्कार करावा असा प्रस्ताव आला होता, त्यावर बरीच वादावादी झाली म्हणून लिहिते. बहुतेक महाराष्ट्र मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि अशा संस्थांना १९५४ पासून कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहता येत नाही. सर्व उमेदवारांना सारखा वेळ देऊन बोलावता येते. आमच्याकडे अखेर तसेच ठरले, आणि सत्कारासाठी आणलेला शाल-श्रीफळाचा संच पुजाऱ्यांना दिला गेला.

चिंचबन

जॉर्जियातून लिहितो, विषय तुमचा असला तरी तुलना उपयोगी पडेल. आमच्या फोर्साइथ काउंटीत कमिंग हे एकच शहर आहे, बाकी सगळा भाग थेट काउंटीच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे शेतजमिनीवर वसाहत होऊ द्यायची की नाही, हे पाच कमिशनरच ठरवतात. इथे उमेदवाराला गोदामाबद्दल विचारणे अगदी योग्य ठरेल. आणि पेन्सिल्व्हेनियात तर कमिशनर हेच काउंटीचे निवडणूक मंडळ म्हणून काम करतात. तीन जागा, मतदाराला दोनच मते, म्हणजे एक जागा बहुधा दुसऱ्या पक्षाला जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये माँटगोमेरी काउंटीत नील मखिजा निवडून आले, ते त्या राज्यातले या पदावरचे पहिले भारतीय वंशाचे कमिशनर. टपालाने आलेली कोणती मते मोजायची, यावर त्यांच्या मंडळाने घेतलेले निर्णय २०२४ मध्ये देशभर गाजले. नाव एकच, काम राज्यागणिक वेगळे.

ओसरी

काल बाईंना पुन्हा भेटलो, या वेळी वाचनालयाच्या सभागृहात. आमच्या वसाहतीजवळच्या ओढ्यावरचा पूल दर मोठ्या पावसात बंद होतो, त्याबद्दल विचारले. त्यांनी सांगितले की पूल काउंटीचा आहे, त्याआधीचा चर टाउनशिपचा आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला झालेल्या वाहनतळाला परवानगी देताना टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर त्या स्वतः होत्या. ‘मी त्या प्रस्तावाच्या बाजूने मत दिले होते आणि निचऱ्याचा हिशेब तेव्हा मला पुरेसा वाटला होता,’ असे त्या म्हणाल्या. मोरी रुंद करण्याचे वचन मात्र त्यांनी दिले नाही. अभियंत्यांचा अहवाल पाहिल्याशिवाय आणि पैसे कोणत्या कर्जातून येणार हे कळल्याशिवाय ते देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. भोजन केंद्राबद्दल मात्र त्यांच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

हाच पुलाचा प्रश्न मी विद्यमान कमिशनरांनाही इमेलने विचारला होता. त्यांच्या कार्यालयाने दोन दिवसांत पुलाचा क्रमांक, शेवटच्या तपासणीचा महिना आणि दुरुस्तीच्या यादीतले स्थान कळवले. उत्तर इतके नेमके येईल असे मला वाटले नव्हते, आणि त्यामुळे माझी पंचाईत वाढली आहे. तिसऱ्या उमेदवाराकडून अजून काही आलेले नाही.

खडीडांबर

पुलाचा क्रमांक मला निरोपातून पाठवावा. तपासणीच्या अहवालात मोरीची वहनक्षमता किती धरली आहे ते पाहून सांगतो. ती आयडाच्या आधीच्या पर्जन्यमानावर काढलेली असेल, तर तिन्ही उमेदवारांना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

रानजाई

मी पुढच्या मंगळवारच्या कमिशनरांच्या सभेला सासूबाईंना घेऊन जाणार आहे. त्यांना मत नाही, बोलता येते. भाषांतर मी करीन.